भिकाऱ्याच्या वेशात श्रीलंकेत शिरलेल्या गोव्याच्या फादरनी 24 वर्षं लपूनछपून मिस्सा चालू ठेवली

साल 1687. श्रीलंकेच्या उत्तर टोकावरच्या जाफना शहरात एक भिकारी दारोदार फिरत होता.

पायात चप्पल नाही. अंगावर मळका पंचा. प्रवासात हगवण लागलेली, त्यामुळे अंगात उभं राहण्याचंही त्राण नाही. अशा माणसाला कुणी घास-दोन घास वाढतं, कुणी हाकलून देतं. पण या भिकाऱ्याच्या गळ्यात एक वस्तू होती, जी त्या शहरात कुणीही उघडपणे घालत नव्हतं. कॅथलिक लोक प्रार्थनेसाठी वापरतात ती जपमाळ.

दार उघडणारा माणूस त्या माळेकडे कसा बघतो, याकडे हा भिकारी बारकाईने लक्ष ठेवून असायचा. कुणी दुर्लक्ष करायचं. कुणाची नजर मात्र माळेवर अडकायची, चेहरा बदलायचा आणि मग तो इकडेतिकडे बघून पटकन आत जायचा. भिकारी ते घर लक्षात ठेवायचा.

त्याला भिक्षा नको होती. त्याला त्या शहरात लपलेले कॅथलिक शोधायचे होते.

हा भिकारी म्हणजे गोव्याचे फादर जोसेफ वाझ. गोव्यात त्यांना जुझे वाझ म्हणूनही ओळखतात. 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून जाहीर केलं आणि ते श्रीलंकेचे पहिले संत ठरले.

पण गोव्यातल्या एका चांगल्या घरच्या, शिकलेल्या धर्मगुरूला जीव धोक्यात घालून भिकारी व्हायची वेळ का आली? याचं उत्तर एका शब्दात आहे. मिस्सा.

मिस्सा म्हणजे नेमकं काय?

वसईत किंवा गोव्यात तुमचे कॅथलिक मित्र असतील, तर रविवारी सकाळी ते मिस्साला जातात हे तुम्हाला माहीत असेल. बाहेरून बघणाऱ्याला ती चर्चमधली सामुदायिक प्रार्थना वाटते. कॅथलिक श्रद्धेत मात्र तिचा अर्थ त्याहून पुष्कळ मोठा आहे.

बायबलनुसार, क्रुसावर चढवण्याच्या आदल्या रात्री येशू आपल्या शिष्यांसोबत जेवायला बसला. त्याने भाकर हातात घेतली आणि हे आपलं शरीर आहे असं सांगितलं. द्राक्षारसाचा प्याला घेतला आणि हे आपलं रक्त आहे असं सांगितलं. माझ्या आठवणीसाठी हे करत राहा, असंही बजावलं. दुसऱ्या दिवशी त्याला क्रुसावर मारण्यात आलं.

मिस्सा या रात्रीपासून सुरू होते. तिचे दोन मुख्य भाग असतात. पहिल्या भागात बायबलमधलं वाचन आणि त्यावरचं प्रवचन होतं. दुसऱ्या भागात धर्मगुरू वेदीवर गव्हाची भाकर आणि द्राक्षारस ठेवून येशूचे तेच शब्द उच्चारतात.

कॅथलिक श्रद्धा सांगते की त्या क्षणी भाकर ही भाकर राहत नाही आणि द्राक्षारस हा द्राक्षारस राहत नाही. रंग तोच, चव तीच, वजनही तेच. पण आतलं मूळ तत्त्व बदलतं आणि तिथे ख्रिस्त स्वतः हजर होतो. मग लोक तो घास ग्रहण करतात. मराठी वाचकाला इथे प्रसाद हा शब्द आठवेल. पण प्रसाद म्हणजे देवाला दाखवून आपल्याला मिळालेलं अन्न. कॅथलिक माणसासाठी मिस्सात मिळणारा घास म्हणजे साक्षात देव.

आणखी एक गोष्ट. ख्रिस्ताने क्रुसावर स्वतःचं बलिदान एकदाच दिलं, ते पुन्हा द्यावं लागत नाही. पण मिस्सात तेच बलिदान वेदीवर पुन्हा समोर येतं, असं कॅथलिक मानतात. म्हणजे आज वसईच्या एखाद्या चर्चमध्ये गुडघे टेकून बसलेली बाई 2000 वर्षांपूर्वीच्या त्या टेकडीवर, त्या क्रुसाच्या पायाशी बसलेली असते. म्हणूनच मराठी कॅथलिक मिस्साबलिदान हा शब्दही वापरतात.

16व्या शतकात युरोपात यावरून मोठी फूट पडली. प्रोटेस्टंट सुधारकांपैकी कॅल्व्हिनच्या अनुयायांनी मिस्सा हे बलिदान आहे ही कल्पना साफ नाकारली. भाकरीपुढे गुडघे टेकणं त्यांना मूर्तिपूजा वाटली. याला उत्तर म्हणून ट्रेंट इथे भरलेल्या कॅथलिक धर्मपरिषदेने 1551 आणि 1562 साली मिस्साबद्दलची आपली शिकवण ठामपणे मांडली.

आता या सगळ्यातला कळीचा मुद्दा. मिस्सा कुणीही करू शकत नाही. त्यासाठी बिशपकडून दीक्षा मिळालेला धर्मगुरूच लागतो. अडचणीच्या वेळी बाळाला बाप्तिस्मा साधा माणूसही देऊ शकतो. जपमाळ घरात बसून म्हणता येते. बायबलच्या गोष्टी आजी नातवाला सांगू शकते. पण धर्मगुरू नसेल, तर मिस्सा नाही.

म्हणजे एखाद्या सरकारला कॅथलिक धर्म संपवायचा असेल, तर सगळ्या कॅथलिकांना पकडायची गरज नव्हती. फक्त धर्मगुरूंना देशाबाहेर ठेवलं की काम होणार होतं.

श्रीलंकेत डचांनी हेच केलं.

आगीतून फुफाट्यात

श्रीलंकेच्या किनारपट्टीवर आधी पोर्तुगीजांचं राज्य होतं. त्यांनी तिथे कॅथलिक धर्म नेला. बेटाच्या मध्यभागी, डोंगराळ भागात कँडीचं बौद्ध राज्य होतं. पोर्तुगीजांना हाकलण्यासाठी कँडीचा राजा दुसरा राजसिंह याने डचांची मदत घेतली. डच आले, त्यांनी एकेक किल्ला घेतला. 1656 साली कोलंबो पडलं, 1658 साली जाफना. पोर्तुगीज गेले, पण डच मात्र किनाऱ्यावर ठाण मांडून बसले. राजाची अवस्था आगीतून फुफाट्यात पडल्यासारखी झाली.

किनाऱ्यावरच्या कॅथलिकांचीही तीच गत झाली. डच ईस्ट इंडिया कंपनी कॅल्व्हिन पंथाची. पोर्तुगालशी तिचं वैर. त्यामुळे स्थानिक कॅथलिक माणूस तिला धर्मानेही चुकलेला वाटायचा आणि शत्रूचा हस्तकही वाटायचा. सगळ्या कॅथलिक धर्मगुरूंना बेटाबाहेर काढण्यात आलं. चर्च ताब्यात घेऊन तिथे प्रोटेस्टंट उपासना सुरू झाली. कॅथलिक धर्मगुरूला घरात आसरा देणाऱ्याला मृत्युदंड, असा हुकूम 1658 सालीच निघाला.

लोकांनी वरवर जुळवून घेतलं. रविवारी डचांच्या चर्चमध्ये हजेरी लावायची, लग्नाची नोंद तिथे करायची आणि घरी आल्यावर दार लावून जपमाळ म्हणायची. गावातली जाणती माणसं मुलांना प्रार्थना शिकवायची. असं करत पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, त्यांना मुलं झाली. एका अख्ख्या पिढीने उघडपणे झालेली मिस्सा कधी पाहिलीच नाही.

ही बातमी समुद्र ओलांडून गोव्यात पोचत होती. आणि तिथे एक तरुण धर्मगुरू ती ऐकत होता.

बाणावलीचा मुलगा

जोसेफ वाझ यांचा जन्म 21 एप्रिल 1651 रोजी गोव्यातल्या बाणावलीत, आईच्या गावी झाला. वडील क्रिस्तोव्हाव वाझ सांकवाळचे, आई मारिया दे मिरांडा. 6 भावंडांमध्ये ते तिसरे. घराणं मूळचं सारस्वत ब्राह्मणांचं, काही पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेलं. घरची भाषा कोकणी. पोर्तुगीज ते सांकवाळच्या शाळेत शिकले आणि लॅटिन बाणावलीत.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्या सांकवाळमध्ये जोसेफ वाढले, तिथलं लक्ष्मी-नृसिंहाचं दैवत 1567 साली पोर्तुगीजांच्या भीतीने वेलिंगला हलवावं लागलं होतं. साष्टीतली कितीतरी देवळं त्या काळात पाडली गेली. 1560 साली गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं आणि ते जोसेफ यांच्या हयातीतही चालूच होतं. म्हणजे डचांच्या राज्यात कॅथलिकांवर जी वेळ आली, तीच वेळ पोर्तुगीजांच्या राज्यात हिंदूंवर येऊन गेली होती. देवाला घेऊन रातोरात नदीपार जाणं काय असतं, हे गोव्याच्या मातीला चांगलं ठाऊक होतं.

जोसेफ पुढे शिकायला जुन्या गोव्यात गेले. जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात आणि मग डॉमिनिकन संघाच्या सेंट थॉमस अक्वायनस अकादमीत त्यांचं शिक्षण झालं. 1676 साली त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. तेव्हापासून त्यांनी गोरगरिबांसारखं अनवाणी चालायला सुरुवात केली. प्रवचनकार म्हणून त्यांचं नाव झालं. सांकवाळमध्ये त्यांनी मुलांसाठी लॅटिनची शाळा काढली. 1677 साली त्यांनी स्वतःला मरियामातेचा गुलाम म्हणवून घेणारा एक दस्त लिहून त्यावर सही केली.

सगळं छान चालू होतं. पण गोव्यातल्या स्थानिक धर्मगुरूंची एक अडचण होती. ते कितीही हुशार असले, तरी युरोपियन धर्मसंघ त्यांना आपल्यात घेत नसत. मोठ्या जागा गोऱ्यांसाठी, गावोगावची कामं स्थानिकांसाठी, असा तो प्रकार होता. लांबच्या मिशनवर एखाद्या गोवेकराला पाठवावं, असा विचारही कुणी फारसा करत नव्हतं.

कानडा मुलखातली तालीम

जोसेफ यांनी श्रीलंकेला जाण्याची परवानगी मागितली. वरिष्ठांनी त्यांना 1681 साली पाठवलं दुसरीकडेच, कानडा मुलखात. म्हणजे आजचा मंगळूर, बसरूर, कुंदापूर, गंगोळीचा पट्टा.

तिथे गोव्यातून गेलेले हजारो कॅथलिक राहत होते. कुणी दुष्काळामुळे गेलेले, कुणी इन्क्विझिशनच्या धाकाने, कुणी सततच्या लढायांना कंटाळून. राज्य होतं केळदीच्या नायकांचं आणि गादीवर होती राणी चेन्नम्मा. याच राणीने पुढे 1689 साली जिंजीकडे निघालेल्या छत्रपती राजाराम महाराजांना वाट दिली आणि त्यासाठी औरंगजेबाचा रोष ओढवून घेतला.

कानड्यात जोसेफ यांच्यासमोर वेगळाच पेच होता. पोर्तुगालच्या राजाने नेमलेल्या यंत्रणेचा या भागावर दावा होता आणि थेट रोमने नेमलेल्या बिशपचाही. दोघांच्या भांडणात लोकांची मात्र पंचाईत झाली. कुठल्या धर्मगुरूची मिस्सा खरी धरायची, इथपर्यंत प्रश्न आला होता. जोसेफ यांनी वाद वाढू न देता दोन्ही बाजूंशी बोलून वाट काढली. गावोगाव फिरून मिस्सा केल्या, पडझड झालेली चर्च उभी केली, शाळा सुरू केल्या.

1684 साली ते गोव्यात परतले, तेव्हा गोवा हादरलेला होता. संभाजी महाराजांच्या फौजेने नुकतीच साष्टी आणि बारदेशात धडक मारली होती आणि पोर्तुगीजांचं धाबं दणाणलं होतं. त्याच वर्षी व्हॉइसरॉयने लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं असा हुकूम काढला.

जुन्या गोव्यात होली क्रॉस ऑफ मिरॅकल्स चर्चमध्ये काही स्थानिक धर्मगुरू एकत्र राहून साधी, शिस्तीची जीवनपद्धती पाळत होते. 25 सप्टेंबर 1685 रोजी जोसेफ त्यांच्यात सामील झाले आणि लवकरच त्यांचे प्रमुख झाले. रोममध्ये संत फिलिप नेरी यांनी सुरू केलेल्या ऑरेटरी संघाच्या धर्तीवर त्यांनी या गटाला रूप दिलं. भारतीय धर्मगुरूंनी चालवलेला हा संघ पुढे श्रीलंकेच्या मिशनचा कणा बनला.

पण जोसेफ यांचं मन तिकडेच अडकलेलं होतं. 1686 साली त्यांनी प्रमुखपद सोडलं आणि ते निघाले.

रंगाचा फायदा

त्यांच्यासोबत जॉन नावाचा एक विश्वासू सेवक होता. दोघं पायी, बोटीने, मिळेल तसं प्रवास करत तामिळनाडूच्या तुतिकोरीनला पोचले. तिथून 1687 साली समुद्र ओलांडून ते श्रीलंकेत उतरले.

डचांची करडी नजर बंदरांवर होती. एखादा गोरा जेझुइट तिथे उतरला असता, तर पहिल्याच नाक्यावर पकडला गेला असता. पण काळ्या-सावळ्या, अनवाणी, मळक्या पंचातल्या मजुराकडे कोण बघणार? ज्या रंगामुळे गोव्यात या धर्मगुरूंना दुय्यम समजलं गेलं, त्याच रंगाने त्यांना डचांच्या पहाऱ्यातून आत नेलं.

आणि मग सुरू झालं ते जपमाळेचं प्रकरण. एका घरातल्या लोकांचा पुरेसा अंदाज आल्यावर जोसेफ यांनी आपण कोण आहोत ते उघड केलं. त्या लोकांना काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते. ज्या गोष्टीची आशाच सोडली होती, ती दारात भीक मागत उभी होती.

जाफन्याजवळच्या सिल्लालै गावाने त्यांना आसरा दिला. हे गाव जुन्या श्रद्धेला घट्ट धरून होतं. तिथून ते रात्रीच्या अंधारात आसपासच्या वस्त्यांवर जाऊ लागले.

अशी एक रात्र कशी असायची? निरोप तोंडी फिरायचा. अंधार पडल्यावर माणसं एकेक करून एखाद्या घरात जमायची. सगळ्यात आधी कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूंजवळ पापांची कबुली. अनेकांसाठी ती आयुष्यातली पहिलीच असायची, त्यामुळे त्यात तासन्‌तास जायचे. मग मुलांचे बाप्तिस्मे. जोडप्यांच्या लग्नांना आशीर्वाद. आणि शेवटी पहाट व्हायच्या आत मिस्सा.

त्या काळी रोमन पद्धतीची मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. धर्मगुरू लोकांकडे पाठ करून, वेदीकडे तोंड करून उभे राहायचे. शब्द कळले नाहीत, तरी एक क्षण सगळ्यांना कळायचा. धर्मगुरू ती पांढरी चकती दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरायचे तो क्षण. चर्चमध्ये त्या वेळी घंटा वाजते. इथे आवाज बाहेर जाऊन चालणार नव्हता.

सामानाचाही प्रश्न होता. श्रीलंका भाताचा देश. पण मिस्साची भाकर गव्हाचीच लागते आणि रस द्राक्षांचाच. नारळाचं पाणी किंवा तांदळाची भाकरी चालत नाही. त्यामुळे थोडंसं पीठ आणि थोडासा द्राक्षारस बाहेरून आणून जपून वापरावा लागायचा. पेला, ताटली, वेदीचं कापड हे सगळं लपवून न्यावं लागायचं, कारण झडतीत ते सापडलं की वेशांतराचा काही उपयोग नव्हता.

उजाडायच्या आत जोसेफ आणि जॉन पुढच्या वाटेला लागलेले असायचे.

नाताळची धाड

दोन वर्षं हे निभावलं. लोकांचा धीर वाढला. काही जण डचांच्या चर्चमध्ये जायचे बंद झाले. ते अर्थातच लक्षात आलं.

1689 च्या नाताळच्या रात्री डच शिपायांनी जाफन्यात धाड टाकली. नाताळच्या मिस्सासाठी जमलेल्या अनेकांना पकडण्यात आलं. कुणाला दंड झाला, कुणाला फटके आणि सक्तमजुरी. एका माणसाचा माराने मृत्यू झाला. जोसेफ मात्र त्यांच्या हाती लागले नाहीत.

माणसं आपल्यामुळे मार खातायत आणि आपण मोकळे आहोत, ही परिस्थिती कुठल्याही माणसाला आतून कुरतडणारी. जाफन्यात थांबलं तर आणखी लोक पकडले जाणार होते. जोसेफ यांनी जागा बदलली. ते दक्षिणेला पुत्तलमकडे सरकले. तो भाग कँडीच्या राजाच्या हद्दीत होता आणि डचांची सत्ता तिथे चालत नव्हती.

बौद्ध राजाच्या राजधानीत

1692 साली ते राजधानी कँडीला पोचले. हेतू असा, की डचांच्या आवाक्याबाहेर एक पक्कं ठिकाण तयार करायचं.

पण तिथे राहणाऱ्या एका फ्रेंच प्रोटेस्टंटने राजाला कळवलं, की हा माणूस पोर्तुगीजांचा हेर आहे. राजा होता दुसरा विमलधर्मसूर्य. त्याने जोसेफ यांना सोबत्यांसकट कैदेत टाकलं.

आता गंमत बघा. डचांच्या मुलखात मोकळे असताना त्यांना लपून मिस्सा करावी लागत होती. कँडीत ते कैदेत होते, पण पळून जात नाहीत म्हटल्यावर पहारेकऱ्यांनी त्यांच्या पूजेत काही आडकाठी केली नाही. जोसेफ यांनी तो वेळ सिंहली शिकण्यात घालवला. मग कैदेच्या जागेतच एक झोपडी उभारली, तिच्यात वेदी मांडली आणि मिस्सा सुरू केली. कँडीत डचांच्या छळातून पळून आलेले आणि युद्धकैदी म्हणून आणलेले बरेच कॅथलिक होते. ते हळूहळू तिथे यायला लागले. कालांतराने झोपडीच्या जागी मरियामातेच्या नावाचं चर्च उभं राहिलं.

याच काळातली एक गोष्ट श्रीलंकेत आजही सांगितली जाते. कँडीत मोठा दुष्काळ पडला. सगळे उपाय करून झाल्यावर राजाने ख्रिस्ती लोकांनाही पावसासाठी प्रार्थना करायला सांगितलं. जोसेफ यांनी चौकात वेदी मांडली, क्रूस उभा केला आणि गुडघे टेकले. धो-धो पाऊस पडला, पण वेदी आणि जोसेफ कोरडे राहिले, असं ही कथा सांगते. कथा श्रद्धेची आहे. पण पुढे राजाने त्यांना राज्यात मोकळेपणी फिरायची आणि धर्माचं काम करायची मुभा दिली.

म्हणजे ख्रिस्ती म्हणवणाऱ्या कंपनीने ज्या मिस्साला बंदी घातली, तिला एका बौद्ध राजाने संरक्षण दिलं.

कँडीतून जोसेफ पुन्हा वेश बदलून डचांच्या मुलखात उतरायला लागले. कोलंबो, नेगोंबो, किनाऱ्यावरची गावं. कधी मजूर, कधी भिकारी. मिस्सा करायची आणि डोंगरात परत यायचं.

देवीची साथ आणि जमिनीवरची मिस्सा

गोव्यातून आता आणखी हात मिळायला लागले होते. फादर जुझे कार्व्हाल्यो आणि फादर जुझे मेनेझेस हे ऑरेटरी संघाचे दोघं आले.

1697 साली कँडीत देवीची साथ आली. राजा आणि दरबार शहर सोडून गेले. ज्यांना जमलं, ते सगळे पळाले. आजारी माणसांना घरच्यांनीच टाकून दिलं, कारण देवीची भीतीच तशी होती.

जोसेफ आणि कार्व्हाल्यो मागे थांबले. टाकून दिलेल्यांना त्यांनी उचललं, झोपड्या बांधून त्यांची सोय केली, अन्नपाणी दिलं, जखमा धुतल्या. माणूस कुठल्या धर्माचा, हे विचारलं नाही. मेलेल्यांसाठी खड्डे खणले आणि त्यांना मूठमाती दिली.

मिस्साचा अर्थ समजून घ्यायचा असेल, तर हा भाग महत्त्वाचा आहे. मिस्सा हा शब्दच मुळी तिच्या शेवटच्या लॅटिन वाक्यातून आला आहे. त्या वाक्यात लोकांना निरोप देऊन बाहेर पाठवलं जातं. वेदीवर ज्याने स्वतःला वाटून टाकलं असं आपण मानतो, त्याच्यासारखं आता बाहेर जाऊन वागा, अशी त्यामागची अपेक्षा. साथीच्या त्या दिवसांत कँडीतल्या बौद्ध माणसाला लॅटिन मिस्सा कळण्याचा प्रश्नच नव्हता. पण सडलेल्या जखमा धुणारा माणूस त्याला कळला.

राजाचा जोसेफ यांच्यावरचा विश्वास त्यानंतर आणखी पक्का झाला.

बिशपपद नको

जोसेफ यांची कीर्ती बाहेर पोचली. चीनकडे निघालेले पोपचे दूत मायार द तुर्नों भारतात आले, तेव्हा त्यांनी या माणसाबद्दल ऐकलं. श्रीलंकेसाठी वेगळा अधिकारी नेमून जोसेफ यांना बिशप करावं, असा विचार पुढे आला. जोसेफ यांनी नकार दिला.

ते काम मात्र वाढवत राहिले. त्यांनी तमिळ आणि सिंहलीत प्रार्थना आणि धर्मशिक्षणाचे पाठ तयार केले. मिस्सा लॅटिनमध्येच होणार होती, पण तिचा अर्थ लोकांना त्यांच्या भाषेत कळायला हवा होता. 1705 साली दिवाडी बेटावरचे फादर जाकोम गोन्साल्व्हिस येऊन मिळाले. त्यांनी पुढे सिंहलीत इतकं लिहिलं, की सिंहली कॅथलिक साहित्याचा पाया घालणारे म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

गावोगावी जोसेफ यांनी स्थानिक प्रमुख नेमले. धर्मगुरू वर्षातून एखाद-दोनदाच पोचू शकत होते. मधल्या काळात रविवारी लोकांना एकत्र आणणं, मुलांना शिकवणं, मरणाऱ्याजवळ बसणं ही कामं या प्रमुखांची. धर्मगुरू पकडला गेला तरी समाज टिकला पाहिजे, अशी ही रचना होती.

अनवाणी पायपीट, जंगलं, हिवताप, उपास यांनी शरीर झिजत गेलं. शेवटच्या काही वर्षांत जोसेफ यांना फार हिंडता येईना. 16 जानेवारी 1711 रोजी कँडीत त्यांचा मृत्यू झाला. वय 59. श्रीलंकेत पाऊल ठेवल्यापासून 24 वर्षं झाली होती. ते गोव्याला परत कधी आलेच नाहीत.

कँडीतल्या चर्चमध्ये त्यांना पुरलं. पुढच्या काळात राजे बदलले, धोरण बदललं, ते चर्चही गेलं. आज त्यांची कबर दाखवता येत नाही.

त्यानंतर

गोव्याच्या ऑरेटरी संघाचे धर्मगुरू पुढेही श्रीलंकेत येत राहिले. डचांची सत्ता 1796 साली ब्रिटिशांनी संपवली, तेव्हा बेटावरचा कॅथलिक समाज जिवंत होता. त्याला टिकवलं ते भारतीय धर्मगुरूंनी.

21 जानेवारी 1995 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबोत जोसेफ वाझ यांना धन्य घोषित केलं. 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याच शहरात, समुद्राला लागून असलेल्या गॉल फेस ग्रीन मैदानावर त्यांना संतपद दिलं. ते देण्यात आलं मिस्सामध्येच. भर दिवसा, लाखोंच्या गर्दीसमोर.

चार वर्षांनी, 21 एप्रिल 2019 रोजी, ईस्टरच्या दिवशी श्रीलंकेत बॉम्बस्फोट झाले. कोलंबोच्या कोच्चिकडे भागातलं सेंट अँथनी चर्च आणि नेगोंबोजवळचं सेंट सेबॅस्टियन चर्च ईस्टरच्या मिस्साला आलेल्या लोकांनी भरलेलं असतानाच उद्ध्वस्त झालं. चर्च आणि हॉटेलांवरच्या त्या दिवसाच्या हल्ल्यांत 250 हून जास्त लोक गेले. यातलं सेंट अँथनी चर्च डच काळात लपून राहिलेल्या एका धर्मगुरूच्या जागेवर उभं आहे, अशी तिथली परंपरा. आणि ती तारीख होती जोसेफ वाझ यांच्या जन्माची.

पुढच्या रविवारी सुरक्षेच्या कारणाने श्रीलंकेतल्या कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा झाली नाही. कोलंबोच्या कार्डिनलनी आपल्या निवासातल्या छोट्या प्रार्थनागृहात ती केली आणि लोकांनी घरात बसून टीव्हीवर पाहिली. काही आठवड्यांत चर्चची दारं पुन्हा उघडली. दारात शिपाई उभे होते, पिशव्या तपासल्या जात होत्या. तरीही लोक आत जात होते.

गोव्यात दरवर्षी जानेवारीत सांकवाळला जोसेफ वाझ यांचं फेस्त भरतं. 16 तारखेआधीचे नऊ दिवस तिथे प्रार्थना चालतात. आता तिथली मिस्सा कोकणीत होते, कारण 1960 च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा स्थानिक भाषांत करायची मोकळीक मिळाली. जी भाषा बंद करायचा हुकूम जोसेफ यांच्या हयातीत निघाला होता, तीच भाषा आता वेदीवर आहे.

आणि भाकर वर उचलली जाते, तेव्हा तिथे घंटा वाजते.